पंधरा गुणांचा पाहुणा

समोरच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा गेला आठवडाभर ‘शिस्तीचे महत्त्व’ पाठ करतो आहे. गॅलरीत उभा राहून, कठड्यावर वही ठेवून, मोठ्याने. ‘शिस्त ही मानवी जीवनाची आधारशिला आहे’ इथून तो निघतो, मुंग्यांच्या रांगेपर्यंत नीट जातो, सैनिकांपाशी अडखळतो आणि परत आधारशिलेवर येतो. आमच्या घरात ह्यांनाही आता तो निबंध पाठ झाला आहे. काल दाढी करताना ते आरशाकडे बघून ‘सूर्य रोज वेळेवर उगवतो’ असे म्हणाले, तेव्हा मी तवा जरा जोरातच आपटला.

ऑक्टोबर आहे. मुलुंडला पाऊस गेला की असे ऊन पडते, की पंख्याखाली बसून पेपर तपासतानाही मनगटाखालचा कागद ओला होतो. मिठागरांकडून वारा येतो, पण गरम आणि चिकट. खालच्या मजल्यावर कुणीतरी चकलीची भाजणी भाजायला घेतलेली असते. हे सगळे एकत्र आले की माझ्या डोक्यात सहामाही परीक्षा सुरू होते. दिवाळी म्हटले की मला आधी लाल पेन्सिल आठवते, करंजी नंतर. आणि त्यातही एकच ऑक्टोबर आठवतो. चार-पाच वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी मी दहावीच्या वर्गाला मराठीच्या तासाला व्याख्या शिकवायला गेले होते.

मी खरे तर गणित शिकवते. त्या वर्षी मराठीचे दामले सर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. मुख्याध्यापिकांनी वेळापत्रकाचा तक्ता समोर धरला, त्यात माझी मोकळी चौकट शोधली आणि तिच्यावर बोट ठेवले. “गद्रे बाई, निबंधाचे तास तुम्ही घ्या. निबंध काय, कुणीही शिकवू शकतं.” बीजगणित कुणीही शिकवू शकतं, असे त्या मला कधी म्हणाल्या नाहीत.

फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त वगैरे मला जमण्यासारखे नव्हते. छत्री बोलायला लागली तर मी तिला दुरुस्तीला देईन. निबंधाच्या सगळ्या प्रकारांत मला कळेल असा एकच प्रकार सापडला. एखादा रोजचा शब्द घ्यायचा आणि तो नेमका कशाला लागतो व कशाला लागत नाही, ते सांगायचे. भूमितीत हे पहिल्या पानावर होते. बिंदू म्हणजे काय, रेषा म्हणजे काय, हे सगळ्यांनी एकदा मान्य केले की पुढे भांडण नाही. मला वाटले, मराठीतही असेच असेल. मराठीत मात्र शब्द सगळ्यांना आधीपासून येत असतो, आणि त्याचा अर्थ सांग म्हटले की सगळे छताकडे बघतात.

सुरुवात मी नमुन्यापासून केली. नमुन्याशिवाय मी आजवर काहीच शिकवलेले नाही. मुलांच्या दप्तरात गाइडे होतीच. त्यातला ‘शेजारधर्म’ काढायला लावला आणि म्हटले, ज्या ओळी दुसऱ्या कुठल्याही निबंधात जशाच्या तशा चालतील, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. अर्ध्या तासात सगळे पान रेघांनी भरले. पंचवीस ओळींतल्या दोनच ओळींत शेजारी होता. बाकीच्या उचलून ‘मैत्री’त किंवा ‘एकी’त ठेवल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता.

“म्हणजे हा निबंध शेजाऱ्यावर नाहीच,” मी म्हटले.

शेवटच्या बाकावरचा संतोष उभा राहिला. वर्गात बोलायचे काम त्याच्याकडे होते. “पण बाई, मार्क मिळतात ना त्याला. गाइडवरच लिहिलंय, हमखास.”

वर्ग हसला. मी चिडले आणि घरी येऊन स्वतःच नमुना लिहिला. पाच भाग केले. वस्तू कोणत्या वर्गातली. ती काय नाही. तिची ओळखखूण. उदाहरण. आणि शेवटी प्रतिउदाहरण, म्हणजे वरून तीच दिसते पण ती नव्हे अशी एखादी गोष्ट. शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता आणि आजही वाटतो. त्याच्याशिवाय व्याख्येची परीक्षाच होत नाही.

‘शेजारी म्हणजे ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून असते, असे काही जण म्हणतात. पण हे पुरेसे नाही,’ अशी माझी सुरुवात होती. पुढे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लिमये काकी होत्या. आम्ही दोघे नोकरीवर जातो तेव्हा किल्ली त्यांच्याकडे असते. आपल्या घराची किल्ली ज्याच्याकडे बिनघोर असते तो शेजारी, अशी ओळखखूण मी काढली. प्रतिउदाहरण म्हणून पलीकडच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ, ज्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे आणि ज्यांना आम्ही किल्लीच काय, वर्तमानपत्रसुद्धा देत नाही. त्यांचे नाव घातले नाही.

स्टेन्सिल मीच कापली. शाळेच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलचा रूळ फिरवताना शिपायाने शाईचा हात माझ्या पदराला पुसला की पदरच त्याच्या हाताला लागला, हा वाद अजून मिटलेला नाही. कागद वर्गात वाटले तेव्हा ते ओलसर होते. मुलांनी आधी वास घेतला, मग वाचले. वाचताना वर्ग शांत होता. मला वाटले, जमले.

पुढच्या आठवड्यात वह्या आल्या. प्रत्येक वहीत भिंत होती आणि प्रत्येक वहीत किल्ली. लिमये काकींच्या कुठे पवार काकी झाल्या होत्या, कुठे डिसोझा आंटी. तिसऱ्या मजल्याचा दुसरा मजला झाला होता, किंवा नाहूरच्या चाळीतली चौथी खोली. बाकी वाक्यांना कुणी धक्का लावलेला नव्हता. आणि शेवटी, एकूण एक वहीत, खाली रेघ मारून ‘पडताळा’. पडताळ्यात पवार काकींकडे किल्ली आहे, म्हणून पवार काकी शेजारी आहेत. काहींनी त्याखाली ‘हेच सिद्ध करायचे होते’ असेही लिहिले होते.

“हे काय आहे?” मी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून विचारले.

“निबंध, बाई.”

“कुणाचा?”

संतोष म्हणाला, “बाई, तुम्हीच सांगता ना, सोडवलेलं उदाहरण बघा, पायऱ्या त्याच ठेवा, आकडे बदला. आम्ही आकडे बदलले.”

आठवीपासून मी त्यांना तेच सांगत आले होते, आणि गणितात ते बरोबरच होते. दुसऱ्या बाकावर विजया गावडे बसायची. हिशेबात पक्की. मी फळ्यावर लिहीपर्यंत तिचे उत्तर आलेले असायचे. निबंधात मात्र चार ओळींच्या पुढे जायची नाही. तिच्या वहीतही किल्ली होती.

“विजया, तुमच्या घराला कुलूप आहे?”

“नाही, बाई. आम्ही सहा माणसं. कुणीतरी असतंच घरी. आता तर बाबा दिवसभर असतात.”

“मग किल्ली कुठून आली?”

“तुमच्यातून, बाई,” ती म्हणाली. अगदी सरळ चेहऱ्याने.

मी पुन्हा समजावले. नमुन्याची मांडणी घ्यायची, माल आपला घालायचा. कळलं? ‘होऽ बाई,’ असा सगळ्या वर्गाचा एक आवाज आला. तास संपत आल्यावर येणारे हे ‘हो’ मला ओळखता येते. त्याचा समजण्याशी काही संबंध नसतो. तरी मी पुढे गेले, कारण सहामाही तोंडावर होती आणि त्रिकोणमिती बाकी होती.

गॅलरीतला मुलगा आता सैनिकांवर आला आहे. परवा त्याची आई जिन्यात भेटली. “बाई, तुम्ही शाळेत आहात ना? जरा ऐका की त्याचं. छान म्हणतो.” मी म्हटले, “रोज ऐकते.” शिस्त म्हणजे काय, असे मी त्या मुलाला विचारले तर तो मला आधारशिला सांगेल. आधारशिला म्हणजे काय विचारले तर आईकडे बघेल. हे माहीत असल्यामुळे मी विचारत नाही. त्या ऑक्टोबरात मी विचारत सुटले होते, आणि त्याचा निकाल सहामाहीत लागला.

दामले सर परीक्षेच्या आठवड्यात परत आले. पोटाशी हात धरून, सावकाश जिना चढत. पेपर त्यांनीच काढला होता. निबंधाला विषय होता ‘खरा मित्र’. माझ्या मते उत्तम विषय. तीन दिवसांनी ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर गठ्ठा घेऊन बसले आणि एक पेपर वाचू लागले.

“‘मित्र म्हणजे ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून असते, असे काही जण म्हणतात. पण हे पुरेसे नाही.’ गद्रे बाई, कोण म्हणतं असं? मी साठीला आलो, मला असं म्हणणारा एक माणूस भेटलेला नाही.”

त्यांनी पान उलटले.

“‘ज्याच्याकडे आपली कंपासपेटी बिनघोर असते तो खरा मित्र.’ पुढच्यात कंपासपेटीच्या जागी सायकल. त्याच्या पुढच्यात परत किल्ली. आणि हे खाली पडताळा! बाई, निबंध म्हणजे काय त्रैराशिक आहे?”

“मांडणी नमुन्याची आहे, सर. तेवढी मीच दिली होती.”

“मांडणी? वाक्यंसुद्धा तुमचीच आहेत. मी ह्याला कॉपी म्हणतो. सगळ्या वर्गाला निबंधात शून्य.”

आणि त्यांनी दिले. पंधरापैकी शून्य, प्रत्येकाला. ते माझ्यापेक्षा शांत माणूस होते, पण शांत माणसे एकदा रागावली की गोल मोठे काढतात.

बहुतेकांना बाकीच्या प्रश्नांनी तारले. विजयाला नाही. ती मराठीत सात गुणांनी नापास झाली. आमच्या शाळेचा त्या काळी नियम होता, की सहामाहीत मराठीत नापास होणाऱ्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा पाठवणार नाही. निकालाची टक्केवारी जपायची पद्धत होती ती. मग त्या मुलांनी पुढच्या वर्षी बसावे, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून. विजयाच्या बाबतीत पुढचे वर्ष नव्हते. तिच्या वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. मोठ्या भावाने भांडुपच्या एका कारखान्यात पॅकिंगला तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. हे तिनेच सांगितले, न रडता. “फॉर्म गेला तर परीक्षा, बाई. नाही गेला तर सुट्टीनंतर पॅकिंग. दादा म्हणतो, गणित तिथंपण लागतं, डझन मोजायला.”

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. दामले सरही आले. अर्धा तास झाला. शेवटी असे ठरले, की दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्याच शनिवारी सगळ्या वर्गाने नवा निबंध लिहायचा. विषय दामले सर देतील, तोही तिथल्या तिथे. गुण माझ्या पाच भागांच्या हिशेबाने, प्रत्येक भागाला तीन. ही अट सरांचीच. “तुमचा वजनकाटा लावा. म्हणजे नंतर मी लाड केले असं कुणी म्हणायला नको.” विजयाला पंधरापैकी सात हवे होते. सुट्टीपर्यंत निबंधाचे तास माझ्याकडेच होते, आणि ते तीनच उरले होते.

ह्या वेळी मी एकच नमुना द्यायची नाही असे ठरवले. एक नमुना दिला की तो उत्तर होतो. एकाच शब्दाचे तीन दिले तर मुलांना निदान त्यांच्यामध्ये उभे राहून बघावे तरी लागेल. शब्द घेतला ‘उशीर’. घरात ह्यांना म्हटले, उशीर म्हणजे काय ते लिहून द्या. ह्यांनी ऑफिसच्या भाषेत चार ओळी दिल्या: हजेरीचे मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये गेले की उशीर, मस्टर बाहेर असेपर्यंत घड्याळात काहीही वाजलेले असो, माणूस वेळेवर असतो. लिमये काकींनी तोंडी सांगितले, “दूध संपलं म्हणजे उशीर गं. केंद्रावर पोचले आणि बाटल्या असल्या, तर मी लवकर आले.” तिसरा मी दामले सरांकडे मागितला. सर आश्चर्याने माझ्याकडे बघत राहिले, पण दुसऱ्या दिवशी कागद दिला. त्यांचा उशीर असा होता: आई गेली तेव्हा ते पेपर तपासायच्या केंद्रावर होते, आणि घरी पोचले तेव्हा घरात जमलेली माणसे चहा पीत होती. एवढेच. मी तो कागद स्टेन्सिलवर घेताना एकही शब्द बदलला नाही.

वर्गात तिन्ही वाचून दाखवले. संतोषने विचारले, “ह्यातला बरोबर कुठला, बाई?”

“तिन्ही.”

“असं कसं? उत्तर एकच पाहिजे ना.”

“उत्तर एकच नाही. पण तिघांनीही बघून लिहिलंय. मस्टर बघितलंय, दूध बघितलंय. तुम्ही माझी किल्ली बघितली नव्हती, तरी लिहिलीत. पाठ केलेलं नको मला. घरी जा आणि जे आहे ते बघा.”

हे वाक्य मी त्या दिवशी किती सहज बोलले!

त्या दिवाळीत मी चिवडा करपवला. ह्यांनी तो एक शब्द न बोलता खाल्ला. मला मात्र बोलायचेच होते, म्हणून मी पोह्यांना बोलले, रेशनच्या तेलाला बोलले, फटाक्यांच्या धुराला बोलले. पायरीवर रांगोळी काढताना ठिपके मोजता मोजता मनात विजयाचे सात गुण मोजत होते. वर्ग सांगेल, तीन. काय नाही ते सांगेल, तीन. मग ओळखखूण किंवा उदाहरण, काहीही एक. होतील. पुन्हा वाटायचे, चार ओळींत पाच भाग बसवणार कसे ही मुलगी? ठिपके चुकले. संध्याकाळी रांगोळीवरून कुणाचा तरी पाय गेला, ते एक बरेच झाले.

तो शनिवार उजाडला. सकाळी गारवा होता. वर्गातल्या मुलांच्या अंगावर नव्या कपड्यांच्या घड्या होत्या. दामले सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: पाहुणा. मुलांनी पेन उघडली. सर खुर्चीत बसले आणि मी बाकांमधून फिरू लागले. कुणाच्या कागदावर भिंत दिसते का, ते बघत होते. दिसली नाही. संतोष काहीतरी लिहून स्वतःशीच हसत होता, हे चांगले लक्षण होते.

वेळ संपायला बराच अवकाश असताना विजया उठली, टेबलावर पेपर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. एका पानाचाही पेपर नव्हता. सरांनी तो उचलून वाचला, आणि माझ्याकडे सरकवला.

‘पाहुण्याला सगळे विचारून करावे लागते. पाणी घेऊ का, पंखा लावू का, इथे बसू का. पाहुणा जेवणाला नावे ठेवत नाही. भाजीत मीठ नसले तरी छान झाली म्हणतो. पाहुण्यासमोर घरातली माणसे भांडत नाहीत. पाहुणा कोपऱ्यात बसतो आणि कुणी जायला निघाले की पाय जवळ घेतो. गिरणी बंद झाल्यापासून माझे बाबा पाहुणे आहेत. त्यांना कुणी काही बोलत नाही. तेच विचारतात.’

मी ते वाचले. मग पुन्हा वाचले. सर खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, “बारा.”

“सहा,” मी म्हणाले.

“काय?”

“ओळखखूण आहे, तीन. उदाहरण आहे, तीन. वर्ग सांगितलेला नाही. काय नाही ते नाही. प्रतिउदाहरण नाही. सहा होतात.”

“गद्रे बाई,” सर म्हणाले, “तुम्ही माणूस आहात की काटा?”

“काटा लावायचा हे तुमचंच म्हणणं होतं. आणि बाकीच्यांना मी काय सांगू? की एकीला बारा दिले, कारण सरांच्या डोळ्यांत पाणी आलं?”

“माझ्या डोळ्यांत काही आलेलं नाही.”

आले होते. पण त्यावर वाद घालायची वेळ नव्हती. मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते मला कळत नव्हते. मुलीचा, की इतके चांगले लिहून तिने अर्ध्यात पेपर टाकला. सरांचा, की इतकी वर्षे शिकवून ते बारा असे हवेतून आणू शकत होते. त्या सात गुणांचा, जे मी स्वतः मान्य केले होते. एक गुण इकडचा तिकडे करणे सोपे होते. शाळेत ते रोज होते. पण ज्या वर्गाला मी तीन महिने कशाला काय म्हणायचे ते शिकवत होते, त्या वर्गासमोर सहाला सात म्हणणे मला जमणार नव्हते.

मी उभी राहिले आणि सगळ्या वर्गाला म्हटले, “अजून वेळ आहे. ज्यांनी पेपर दिलेत त्यांनी परत न्या. पाच भाग झालेत का बघा. शेवटचा विशेष बघा. पाहुणा दिसतो, पण पाहुणा नाही, असं कुणी तुमच्याकडे आहे का?”

विजयाने पेपर परत नेला. पेनचे टोपण दाताखाली धरून ती बाहेर बघत बसली. मी तिच्या बाजूला गेले नाही. एकदम तिच्या ओठाचा कोपरा हलला आणि ती लिहू लागली. घंटा होईपर्यंत लिहीत होती.

‘माझा मामा दिवाळीला गावाहून आला आहे. पिशवी घेऊन आला म्हणून चाळीतले लोक त्याला पाहुणा म्हणतात. पण तो चिवड्याचा डबा स्वतः काढतो आणि त्यातले शेंगदाणे वेचून खातो. रेडिओ त्याच्या मनाने लावतो. आईला म्हणतो, मुंबईत राहून तुझ्या हाताची चव गेली. तो कधी जाणार हे आई सारखे विचारते. तो पाहुणा नाही.’

सरांनी ते वाचले आणि मोठ्याने हसले. मग माझ्याकडे बघत, प्रत्येक भागापुढे एकेक आकडा घालत, हिशेबाने नऊ लिहिले. “समाधान?” त्यांनी विचारले.

“बरोबर आहेत,” मी म्हणाले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. मी घरी जाऊन शांतपणे जेवलेही असते. पण आमच्या शाळेत तपासलेला प्रत्येक पेपर घरी जायचा आणि पालकांची सही होऊन परत यायचा. सही नसेल तर गुण धरले जात नसत, आणि पालक म्हणून रजिस्टरमध्ये ज्याचे नाव असेल त्याचीच सही. हा नियम मीच सगळ्यांत काटेकोर पाळत असे, हेही सांगायला हवे. त्याच सकाळी तपासलेले पेपर वाटून झाल्यावर विजया वर्गाबाहेर थांबली.

“बाई, आईची सही चालेल?”

“रजिस्टरमध्ये वडील आहेत ना?”

“हो.”

“मग?”

तिने पेपर उलटा धरला होता. “बाबा वाचतात, बाई. सही करायच्या आधी सगळं वाचतात. मला हा पेपर घरी नको.”

आता माझ्या लक्षात आले. माझा पहिला शब्द चिडूनच बाहेर पडला. “मग असं लिहिलंस कशाला तू?”

“तुम्हीच म्हणालात. घरी जे आहे ते बघा.”

ती खोटे बोलत नव्हती आणि उद्धटपणाही करत नव्हती. एखाद्या पायरीचे कारण विचारल्यावर सांगावे तसे तिने सांगितले. मी तिला गाइडमधून लिहू दिले असते, तर ‘अतिथी हा देवासमान असतो’ असे पानभर लिहून ती सुखाने घरी गेली असती, आणि तिच्या वडिलांनी मान हलवून सही केली असती. बघून लिहायला सांगणारे आम्ही, आणि ते वाचायची पाळी घरच्यांवर.

मुख्याध्यापिकांकडे जाऊन हा एक पेपर बिनसहीचा धरा असे सांगायचा विचार मनात आला. पण मग त्या कारण विचारणार, पेपर मागणार, वाचणार, आणि दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये सगळ्यांना गावडेंच्या घरातले कळणार. ते मला अधिक वाईट वाटले. वडिलांच्या आधी बाहेरच्या माणसांनी ते वाचून त्यांची कीव करावी, हे बरे नव्हते.

“वाचतील तर वाचू देत,” मी म्हणाले. “नऊ मिळालेत. चुकीचं काही लिहिलेलं नाहीस.”

“चुकीचं नाही म्हणूनच तर,” ती म्हणाली आणि पेपर दप्तरात घालून गेली.

तो रविवार मी ह्यांच्याशी भांडून काढला. पडद्याच्या सळईवरून सुरुवात झाली होती, एवढे आठवते. ह्यांनी दुपारी विचारले, “नक्की कशावरून चाललंय हे?” मी म्हटले, “सळईवरून.” एका गिरणी कामगाराला त्याच्या मुलीने लिहिलेले वाक्य वाचावे लागणार आहे आणि ते मी लिहायला लावले आहे, हे मी कुणाला सांगणार?

सोमवारी प्रार्थना झाल्यावर विजयाने पेपर आणून टेबलावर ठेवला. खाली सही होती. ठळक, नीट, पूर्ण नावाची. दुसरे काही लिहिलेले नव्हते. मी रजिस्टरमध्ये नऊ मांडले, फॉर्मच्या यादीत तिच्या नावापुढे खूण केली आणि पेन मिटले.

“वाचला त्यांनी?”

“दोनदा.”

“काय म्हणाले?”

“काही नाही, बाई. सही केली आणि दप्तरात घालून ठेव म्हणाले. काल दिवसभर गप्पच होते.” तिने मागे बघितले, वर्गात कुणी ऐकत नाही अशी खात्री केली आणि टेबलाजवळ सरकली. “आज सकाळी आईनं चहा दिला. एक घोट घेतला आणि म्हणाले, हा चहा आहे की साखरेचा पाक? बाई, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आई आधी बघतच राहिली. मग म्हणाली, इतके दिवस तोंड शिवलेलां काय तुमचां? मगे तुमीच करा.”

“मग?”

“मग बाबांचा आवाज चढला, आईचा चढला. मामा मधे पडायला गेला तर बाबा त्याला म्हणाले, तू आधी चिवड्याचा डबा खाली ठेव. शेजारचे दारात येऊन उभे राहिले.” तिचा चेहरा फुलला होता. भूमितीची वही उघडत ती जागेवर जायला वळली. “झकास भांडण झालं, बाई.”